स्विचवर थर्ड पार्टी गेम घेताना: आधी पोर्ट पारखा, मग सेलची वाट बघा

भाऊबीजेच्या दुपारी जेवणं आटोपल्यावर भाच्याने त्याचा स्विच, म्हणजे निन्टेन्डोचं हातात धरून किंवा टीव्हीला जोडून खेळायचं मशीन, माझ्यापुढे धरला. "मावशी, पंचाहत्तर टक्के सूट आहे. आज रात्री संपतेय. घेऊ ना?" पडद्यावर एका गाजलेल्या गेमचं झगमगीत चित्र होतं. मी विचारलं, "हा स्विचवर कसा चालतो ते बघितलंस का?" त्याने लगेच फोनवर ट्रेलर लावला. बघताक्षणी कळत होतं की ते चित्रण स्विचवरचं नाही, कुठल्यातरी तगड्या पीसीवरचं आहे. गवताचं एकेक पातं वेगळं हलत होतं. त्या संध्याकाळी त्याला जे समजावून सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितेय, कारण हाच प्रश्न मला ऑफिसातल्या मुलामुलींकडूनही येतो.

मी ठाण्यात राहते, नोकरी नेरुळला. माझं बरंचसं खेळणं ट्रान्स-हार्बरच्या गाडीत होतं. ठाण्याहून गाडी सुटते म्हणून सकाळी बसायला जागा मिळते, आणि दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली करत नेरुळ येईपर्यंत अर्धा तास हातात असतो. म्हणून माझी मतं मुख्यतः हातात धरून खेळणाऱ्याची आहेत. तुम्ही घरी टीव्हीला जोडून खेळत असाल तर काही ठिकाणी हिशेब बदलेल. तिथे तसं सांगेनच.

मुळातली गोष्ट एवढीच. निन्टेन्डोचे स्वतःचे गेम, म्हणजे मारिओ, झेल्डा वगैरे, याच मशिनसाठी बनलेले असतात. ते नीट चालणार याची खात्री असते, पण त्यांची किंमत फारशी उतरत नाही. थर्ड पार्टी, म्हणजे इतर कंपन्यांच्या, गेमचं बरोबर उलट आहे. ते बहुतेकदा पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्ससाठी बनतात आणि मग स्विचवर आणले जातात. यालाच पोर्ट म्हणतात. एखादा पोर्ट सुरेख उतरतो, एखादा खेळवत नाही. किंमत मात्र जवळजवळ सगळ्यांचीच उतरते, आणि चांगली घसघशीत उतरते. म्हणून इथे घाई करण्याचं कारणच नसतं. पारखायला वेळ घ्यायचा आणि किंमत उतरायची वाट बघायची, या क्रमाने.

पहिली पायरी: आपल्या हातात नेमकं कुठलं मशीन आहे

निन्टेन्डोने स्विच भारतात अधिकृतपणे विकायला आणला नाही. आपल्याकडे जो दिसतो तो आयात केलेला, कुणी दुबईहून आणलेला, कुणी अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून मागवलेला. त्यामुळे घरात कुठलं मॉडेल आलंय हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

मूळ स्विच मार्च २०१७ मध्ये आला: ६.२ इंची पडदा, ३२ जीबी जागा. २०१९ मध्ये त्याचीच जास्त बॅटरीची आवृत्ती आली. जुनी साधारण अडीच ते साडेसहा तास चालते, नवी साडेचार ते नऊ. जड पोर्ट खेळताना आकडा नेहमी खालच्या टोकाकडे जातो. सेकंड हॅन्ड घेताना मशिनच्या पाठीवरचा मॉडेल नंबर बघा. शेवटी कंसात (-01) असं असेल तर ती नवी बॅटरीवाली आवृत्ती. त्याच वर्षी स्विच लाइट आला, ५.५ इंची, टीव्हीला न जोडता येणारा. ऑक्टोबर २०२१ मध्ये स्विच ओएलईडी आला, ७ इंची पडदा आणि ६४ जीबी जागा. या सगळ्यांचं इंजिन मात्र एकच, एनव्हिडियाची टेग्रा एक्स१ चिप आणि ४ जीबी मेमरी. ओएलईडीवर चित्र डोळ्यांना छान वाटतं, रंग खुलतात, पण अडखळणारा पोर्ट त्यावरही तितकाच अडखळतो.

स्विच २ जून २०२५ मध्ये आला. त्याची ताकद कैक पटीने जास्त आहे, मेमरी १२ जीबी, जागा २५६ जीबी. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः पहिल्या स्विचबद्दल आहे, कारण आजही माझ्या आसपास तोच जास्त हातांत दिसतो.

दुसरी पायरी: पोर्ट कुठल्या जातीचा आहे ते ओळखा

इथे थोडा वेळ थांबू, कारण पैसे वाया जातात ते इथेच.

टेग्रा एक्स१ ही २०१५ ची चिप. हातात धरून खेळताना बॅटरी वाचवण्यासाठी तिचा वेग आणखी खाली आणला जातो. डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये, ठेवला की वाढतो. प्लेस्टेशन ४ कडे ८ जीबी मेमरी, इथे ४. म्हणजे तिथला गेम इथे आणणाऱ्या मंडळींना काही ना काही सोडावंच लागतं. चित्राची बारकाई कमी करा, सेकंदाला ६० ऐवजी ३० फ्रेम, म्हणजे चित्रं, दाखवा, सावल्या पुसट करा, गवत विरळ करा, बाजारातली गर्दी कमी करा. काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, यातच पोर्ट करणाऱ्याचं कसब दिसतं.

सोपी जात म्हणजे मुळातच हलके गेम. हॉलो नाइट, सेलेस्ट, स्टारड्यू व्हॅली, डेड सेल्स. यात सोडण्यासारखं फार नसतंच. हेडीस तर २०२० मध्ये पूर्ण होऊन पीसी आणि स्विचवर एकाच दिवशी आला आणि स्विचवरही तो झरझर चालतो. त्याची एक फेरी साधारण अर्ध्या तासाची. ठाण्यात सुरू केली की नेरुळला उतरताना संपत आलेली असते. या जातीचं डोळे झाकून घ्यावं असं मी म्हणेन.

दुसरी जात जुन्या पिढीच्या गेमची. प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० च्या काळातले गेम, उदाहरणार्थ बायोशॉक किंवा २०१० चा रेड डेड रिडेम्प्शन, जो स्विचवर २०२३ मध्ये आला. त्या मशिनपेक्षा स्विच ताकदवान आहे, त्यामुळे हे गेम सहसा बिनघोर चालतात. एलियन: आयसोलेशन २०१९ मध्ये फेरल इंटरॅक्टिव्हने आणला. तो इतका नीट आणला की कडा प्लेस्टेशन ४ पेक्षाही साफ दिसतात, आणि सगळे जोडभाग, म्हणजे नंतर विकले जाणारे विस्तार, सोबतच मिळतात. फक्त एक सांगते. तो गेम काळोखा आहे. सकाळच्या उन्हात रबाळ्याजवळ खिडकीशी बसून मी तो उघडला तर पडद्यावर मला माझा चेहरा आणि मागची ओढणी तेवढी दिसत होती. असे गेम रात्री, दिवा मालवून.

तिसरी जात अवघड पोर्टची, आणि इथेच सगळी गंमत आणि सगळा धोका आहे. द विचर ३ हा एवढा अवाढव्य गेम ऑक्टोबर २०१९ मध्ये सेबर इंटरॅक्टिव्हने स्विचवर आणला. हातात धरल्यावर चित्र साधारण ५४० ओळींचं, डॉकमध्ये ७२० च्या आसपास. टीव्हीवर ते मऊ, पुसटसर दिसतं, पण ६.२ इंचांवर डोळा ते मान्य करतो. जग पूर्ण आहे, दोन्ही विस्तार आहेत, आणि ते सगळं एका ३२ जीबीच्या कार्ट्रिजवर, म्हणजे मशिनमध्ये घालायच्या गेमच्या कार्डावर, बसवलंय. २०२० च्या फेब्रुवारीत आलेल्या अपडेटने चित्राचे पर्याय दिले आणि पीसीवरची सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची नोंद, स्विचवर आणायची सोयही केली. शनिवारी घरी पीसीवर खेळायचं आणि सोमवारी गाडीत तिथूनच पुढे, हे मी महिनोन्‌महिने केलंय.

डूम २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये पॅनिक बटनने आणला. ६० फ्रेमचा गेम ३० वर आणला, चित्र पुसट केलं, पण बंदूक चालवण्याचा झटका तसाच ठेवला. निअर: ऑटोमाटा २०२२ मध्ये व्हर्च्युओसने आणला, तोही ३० फ्रेमवर, पण ३० म्हणजे ३०, क्वचितच ढळणारा. याच व्हर्च्युओसने २०२० मध्ये द आउटर वर्ल्ड्स आणला होता, आणि तो इतका धुरकट होता की लांबची माणसं चिखलातून उगवल्यासारखी वाटायची. नंतरच्या पॅचने, म्हणजे दुरुस्तीच्या अपडेटने, थोडा सावरला. म्हणून पोर्ट कुणी केला एवढं बघून भागत नाही. मूळ गेम कुठल्या इंजिनवर, म्हणजे कुठल्या सॉफ्टवेअरवर, बनलाय, त्यांना वेळ किती मिळाला, हे सगळं त्यात येतं.

फसलेल्यांचीही नावं घ्यायला हवीत. २०१८ चा आर्क: सर्व्हायव्हल इव्हॉल्व्ह्ड इतका वाईट होता की २०२२ मध्ये तो नव्याने बांधून आणावा लागला. २०२१ ची ग्रँड थेफ्ट ऑटोची तीन गेमची जोडणी आली तेव्हा खेळवत नव्हती. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मोठी दुरुस्ती आली. २०२३ च्या बॅटमॅन संचातले आधीचे दोन ठीक, आर्खम नाइट मात्र पहिल्या स्विचवर अडखळत चालतो. मॉर्टल कॉम्बॅट १ मधले चेहरे बघून लोक हळहळले. हॉगवर्ट्स लेगसी मध्यम. गेम पूर्ण आहे, पण जिथे मोठ्या मशिनवर गावात सरळ चालत जाता येतं तिथे इथे लोडिंगचा पडदा येतो.

चौथी जात क्लाउडची. कंट्रोल, हिटमॅन ३, रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज हे पहिल्या स्विचवर क्लाउड आवृत्ती म्हणून आले. गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो, आपल्याकडे फक्त चित्र येतं. नेट तुटलं की खेळ थांबला. गाडीत याचा काही उपयोग नाही, आणि घरीही नेट कितीही वेगवान असलं तरी बटण दाबणं आणि हात हलणं यात अंतर जाणवतं. नावापुढे क्लाउड हा शब्द दिसला की किंमत कितीही उतरलेली असो, मी पुढे सरकते.

भाच्याला एक ढोबळ नियम सांगितला तो असा: मूळ गेम २०१३ च्या आधीचा असेल तर निर्धास्त, प्लेस्टेशन ४ च्या काळातला असेल तर तपासून, आणि प्लेस्टेशन ५ च्या काळातला असेल तर दोनदा तपासून.

तिसरी पायरी: तपासायचं कसं

ट्रेलर बघू नका. यूट्यूबवर गेमचं नाव, पुढे स्विच आणि हॅन्डहेल्ड असं टाकून शोधा. डॉकमधलं आणि हातातलं चित्रण वेगळं असतं. व्हिडिओची तारीख बघा. गेम आला त्या आठवड्यातलं परीक्षण आणि वर्षभराने पॅच झाल्यावरचं परीक्षण यांत कधीकधी जमीन-अस्मानाचा फरक असतो. सुरुवातीची दहा मिनिटं बघू नका, कारण सुरुवात बहुतेक बंद खोलीत किंवा अरुंद वाटेवर असते. मोठं शहर, पाऊस, एकाच वेळी दहा शत्रू, असा प्रसंग शोधून बघा. तिथे फ्रेम टिकल्या तर बाकी सगळीकडे टिकतात.

मग अक्षरं. याकडे कुणी लक्ष देत नाही आणि मी यातच फसले होते. संवाद वाचत पुढे जायचा एक मोठा गेम मी घेतला. गेम चांगला, पोर्टही ठीक. पण अक्षरं टीव्हीच्या मापाने केलेली. गाडी तुर्भ्याजवळ हलायला लागली की ओळ हातातून निसटायची. नेरुळला उतरेपर्यंत कपाळ ठणकायचं. म्हणून व्हिडिओ बघताना फोन हातभर लांब धरा आणि संवाद वाचता येतात का ते बघा. घेऊन झालेल्या गेमसाठी एक उपाय आहे. सिस्टिम सेटिंग्जमध्ये झूम चालू करा, मग होम बटण दोनदा दाबलं की पडदा मोठा करता येतो. सतत वापरायला कंटाळवाणं आहे, पण एखादं पत्र किंवा नकाशा वाचायला पुरतं. चाळिशी लागलेल्यांनी हे आधी शिकून घ्यावं.

डेमो असेल तर तो उतरवाच. ड्रॅगन क्वेस्ट ११ च्या स्विच आवृत्तीचा डेमो आला तेव्हा त्यात कित्येक तासांचा खेळ होता आणि सेव्ह पुढे मूळ गेममध्ये नेता येत होती. डेमो घरी सोफ्यावर नाही, जिथे खेळणार तिथे खेळा. मी गाडीत खेळते. दोन स्टेशनांत कळतं की हा गेम मधेच थांबवता येतो का, आवाज बंद ठेवून समजतो का, एका हाताने दांडी धरल्यावर काही करता येतं का. मशीन झोपवलं की स्विचवर गेम जिथल्या तिथे थांबतो, ही त्याची फार मोठी सोय आहे. फक्त ज्या गेमना सतत ऑनलाइन राहावं लागतं त्यांत ती चालत नाही.

ई-शॉपवर, म्हणजे निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानात, गेमच्या पानाच्या तळाशी जा. किती जीबी आहे, हातात खेळता येतो का, क्लाउडवर सेव्ह जाते का, हे तिथे लिहिलेलं असतं.

चौथी पायरी: खातं, देश आणि पैसे

आपल्याकडे रुपयांतलं ई-शॉप नाही, त्यामुळे खात्याला दुसऱ्या एखाद्या देशाचं दुकान जोडावं लागतं. बहुतेक जण अमेरिकेचं ठेवतात. इंग्रजी गेम सगळे मिळतात आणि सेल सतत असतात. देश नंतर बदलता येतो आणि घेतलेले गेम जात नाहीत. पण पाकिटात पैसे शिल्लक असतील तर देश बदलू देत नाही. २० डॉलरचं कार्ड भरून १५ डॉलरचा गेम घेतला की उरलेले ५ तिथेच अडकतात. म्हणून भरण्याआधी दोन-तीन गेमची बेरीज करून बघा.

गेम स्वतः कुठल्याही देशाचा चालतो. पण जोडभाग मूळ गेम ज्या विभागाचा त्याच विभागाच्या दुकानातून घ्यावे लागतात. युरोपचं कार्ट्रिज आणि अमेरिकेच्या दुकानातला विस्तार यांचं जुळत नाही. दुबईहून आलेली कार्ट्रिज बहुधा याच कारणाने अडचणीत आणतात. त्यावर उपाय म्हणजे विस्तारांसकट येणारी पूर्ण आवृत्ती घेणं.

पैसे भरायला दोन मार्ग. एक आपलं क्रेडिट कार्ड. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या. तरीही आपलं कार्ड तिथे दर वेळी चालेलच असं नाही. चाललं तर खर्च असा धरा: डॉलर हिशेबापुरता ९० रुपये, गेम २० डॉलरचा, म्हणजे १,८०० रुपये. त्यावर बँकेचा परकीय चलनाचा आकार, बऱ्याच साध्या कार्डांना साडेतीन टक्के, म्हणजे ६३ रुपये. त्या ६३ वर १८ टक्के जीएसटी, सव्वाअकरा रुपये. एकूण १,८७४ च्या आसपास. शिवाय चेकआउटला कधी कर वाढतो, म्हणून शेवटची रक्कम बघूनच बटण दाबा.

दुसरा मार्ग ई-शॉपचं गिफ्ट कार्ड. ते खात्याच्याच देशाचं हवं. डॉलरमागे विक्रेता किती रुपये लावतोय हे आधी काढा, आणि वरच्या हिशेबाशी ताडून बघा. ९० च्या डॉलरला कुणी १०५ लावत असेल तर सेलमधली सूट तिथेच गेली. आणि कोड मिळाला की लगेच भरा, मेसेजमध्ये पडून राहू देऊ नका.

एक लक्षात ठेवा, ई-शॉपवर घेतलेला गेम आवडला नाही म्हणून परत करता येत नाही. पीसीवरच्या स्टीम या दुकानाची सवय असलेल्यांना हे जड जातं. वरच्या तिसऱ्या पायरीवर इतका वेळ घालवला तो यासाठीच.

पाचवी पायरी: सेलची वाट कशी बघायची

गेम पारखून झाला, आवडला, की ई-शॉपवर विशलिस्टमध्ये टाका. सूट लागली की ईमेल येतो. पण त्यावरच विसंबू नका. डेकू डील्स नावाची वेबसाइट आहे; तिथे प्रत्येक गेमच्या किमतीचा इतिहास आलेखात दिसतो. आजवरची सर्वांत कमी किंमत कुठली, ती कितीदा लागली, हे बघा. हवी ती किंमत ठरवून ठेवली की तिथून कळवतातही.

आलेख वाचायला शिकलं की मन शांत होतं. "आज रात्री संपतेय" असं वाचून भाच्याचा जीव वरखाली होत होता. मी त्याला त्या गेमचा आलेख दाखवला. करवतीच्या दात्यांसारखी रेघ, दर दीड-दोन महिन्यांनी तीच किंमत. आज हुकली तर फार तर नाताळपर्यंत थांबायचं.

मोठ्या प्रकाशकांचे सेल वर्षभर येत राहतात. त्यांतले मोठे म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी ब्लॅक फ्रायडेच्या सुमारास, मग नाताळ ते नवं वर्ष, आणि उन्हाळ्यात जूनच्या आसपास. हॅलोविनला भयपटासारखे गेम उतरतात. विचर ३ ची पूर्ण आवृत्ती ६० डॉलरला आली होती, ती सेलमध्ये अर्ध्याच्याही पुष्कळ खाली जाते. याउलट स्टारड्यू व्हॅली १५ डॉलरचाच. त्यावर दोन-तीन डॉलर वाचवायला चार महिने थांबण्यात अर्थ नाही. ज्या गेममधून शेकडो तास मिळतात आणि ज्याची किंमत मुळात माफक आहे, त्याला पूर्ण पैसे द्यावेत असं मला मनापासून वाटतं. दोन-चार माणसांनी मिळून बनवलेले असतात ते.

नव्वद टक्के सूट लावलेल्या अनोळखी गेमपासून जपून. काही प्रकाशक मूळ किंमत मुद्दाम चढी ठेवतात, मग गेम कायम दोन डॉलरला विकतात, म्हणजे सूट मोठी वाटते. आलेख बघितला की पकडता येतं: मूळ किमतीला तो गेम कधी दोन आठवडेसुद्धा टिकलेला नसतो.

आणि आवृत्त्यांची बेरीज करा. साधा गेम १० डॉलर, विस्तार १५, पूर्ण आवृत्ती १८, असं बरेचदा असतं. सूट सगळ्यांवर सारखी नसते.

पूर्वी खरेदीवर गोल्ड पॉइंट मिळायचे. २०२५ च्या मार्चपासून ते बंद झाले. जुने लेख वाचून ते हिशेबात धरू नका.

सहावी पायरी: कार्ट्रिज घ्यायचं असेल तर खोका वाचा

कार्ट्रिजचा मोठा फायदा असा की खेळून झाल्यावर विकता येतं, मित्राशी बदलता येतं. ठाणे, वाशी, सीवूड्स या पट्ट्यात देवघेव करणारे पुष्कळ आहेत, भेटायची जागा बहुतेक स्टेशनच असते. २,५०० ला घेतलेलं कार्ट्रिज १,८०० ला गेलं तर गेम ७०० ला पडला. असा भाव डिजिटल सेलमध्येही क्वचित मिळतो.

पण जास्त जीबीचं कार्ट्रिज प्रकाशकाला महाग पडतं. म्हणून काही जण छोटं कार्ट्रिज देतात आणि उरलेला गेम डाउनलोड करायला लावतात. बायोशॉक आणि बॉर्डरलँड्सचे संच असेच आहेत. खोक्याच्या पुढच्या बाजूला डाउनलोड लागेल अशी पट्टी असते, ती वाचा. काही खोक्यांत तर कार्ट्रिज नसतंच, कागदावर एक कोड असतो. मी असाच एक खोका ठाणे स्टेशनच्या पुलाखाली एका मुलाकडून घेतला. प्लास्टिकचं वेष्टण नव्हतं, पण खोका कोरा करकरीत, किंमतही रास्त. गाडी सुटायच्या घाईत मी तो उघडला नाही. ऐरोलीला उघडला तर आत कोड, आणि तो आधीच वापरलेला. नंबर लावला तर फोन बंद. तेव्हापासून माझा नेम आहे: स्वतःचा स्विच सोबत न्यायचा, कार्ट्रिज तिथेच घालायचं, गेम सुरू होऊन पाच मिनिटं चालला की मगच पैसे. समोरचा प्रामाणिक असेल तर तो खुशीने थांबतो.

स्विच २ साठी आणखी एक प्रकार आलाय, गेम-की कार्ड. त्यात गेम नसतो, फक्त किल्ली असते. गेम पूर्ण डाउनलोड करायचा आणि खेळताना कार्ड मशिनमध्ये ठेवायचं. ते विकता मात्र येतं. खोक्यावर खालच्या बाजूला किल्लीची खूण असते. स्ट्रीट फायटर ६ तसा आहे. सायबरपंक २०७७ मात्र ६४ जीबीच्या कार्ट्रिजवर पूर्ण दिलाय, आणि त्याबद्दल त्या मंडळींचं मला कौतुक वाटतं.

घरात लहान मूल असेल तर घाबरू नका, कार्ट्रिजला मुद्दाम अतिशय कडू लेप दिलेला असतो. तोंडात घातलं की मूल बहुधा थुंकतं. तरी डबीत ठेवा.

जागा आणि डाउनलोड

३२ जीबीपैकी वापरायला साधारण २६ जीबीच मिळतात, त्यामुळे मायक्रोएसडी कार्ड लागतंच. चांगल्या कंपनीचं १२८ किंवा २५६ जीबी पुरे. गेम खेळून संपला की तो पूर्ण पुसू नका, आर्काइव्ह करा. चिन्ह आणि सेव्ह राहते, जागा मोकळी होते. स्विच २ ला गेमसाठी मायक्रोएसडी एक्सप्रेस हे वेगळं कार्ड लागतं. जुनं कार्ड त्यात घातलं तर त्यावर गेम ठेवता येत नाहीत. स्विच २ घ्यायचा विचार असेल तर आता फार मोठं जुनं कार्ड घेऊ नका.

त्याच विचारात असाल तर अवघड पोर्टही थोडे थांबवा. ज्या गेमची बारकाई गरजेप्रमाणे वरखाली होते, ते नव्या मशिनवर कमाल बारकाईवर स्थिरावतात. आर्खम नाइटसारखे अडखळणारेही तिथे बरेच सुधारलेत.

डाउनलोड रात्री लावा, चार्जर जोडून. पावसाळ्यात वीज जायचा भरवसा नाही. गेली तरी हरकत नाही, राउटर परत सुरू झाला की राहिलेलं पुढे उतरतं. गाडीत खेळायचा गेम असेल तर आदल्या रात्री एकदा उघडून बघा. कित्येकदा पहिल्या वेळी अपडेट मागतो, आणि ते फलाटावर कळतं.

भाच्याने तो गेम त्या रात्री घेतला नाही. माझ्याकडे डिजिटल हेडीस होता. २०२५ च्या वसंतात आलेल्या अपडेटनंतर डिजिटल गेमही कुटुंबाच्या गटातल्या माणसाला १४ दिवस उसना देता येतो, फक्त देताना दोन्ही मशीन शेजारी लागतात. सगळे घरी जमलेच होते. त्याला गटात घेतलं, दोन्ही स्विच चहाच्या ट्रेशेजारी ठेवले आणि दिला. तेवढे दिवस मी स्वतः तो खेळू शकत नव्हते, म्हणून विचर पुन्हा उघडला. चौदाव्या दिवशी गेम आपोआप माझ्याकडे परत आला, आणि संध्याकाळी त्याचा फोन: "मावशी, हेडीस किती डॉलरला उतरलाय, आलेखात बघून ठेवलंय."